क्योटोच्या देवळात तिकीट कशाचं? नास्तिक प्रवासी, जपान आणि एका कराची पार्श्वभूमी

भारतातून 2024 मध्ये सव्वादोन लाखांहून जास्त लोक जपानला गेले. कोल्हापूर-सांगलीकडची मंडळीही त्यात आता हमखास असतात. बहुतेकांचा बेत मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा, साकुरा म्हणजे चेरी फुलण्याच्या दिवसांतला; म्हणजे आपल्याकडे जोतिबाच्या चैत्र यात्रेची गडबड असते तेव्हाचा. या प्रवाशांत एक गट असा आहे की त्याच्याकडून देवळांच्या गोष्टी ऐकायला मिळतील असं कोणाला वाटणार नाही. घरात देव्हारा नाही, सत्यनारायण कधी घातलेला नाही, लग्न नोंदणी पद्धतीनं झालेलं. पण परत आल्यावर बुलेट ट्रेनवर पाच मिनिटं बोलतात आणि क्योटोच्या देवळांवर तासभर.

मग मित्रमंडळीत प्रश्न येतोच: देव मानत नाही म्हणता, मग एवढे पैसे घालून परदेशात देवळं कसली बघता? उत्तरं साधारण दोन मिळतात. आम्ही वास्तुकला बघायला गेलो होतो, हे एक. तिथं मनाला काहीतरी वेगळं वाटतं, हे दुसरं. दोन्ही खरी असतील, पण अर्धी आहेत असं माझं मत आहे. तिथल्या देवळाच्या दारात तुम्ही कशासाठी आलात हे कोणी विचारत नाही, ही मोठी गोष्ट आहे. आणि ही रीत जपानी स्वभावातून आपोआप उगवलेली नाही. तिच्यामागे कायदे आहेत, गेलेल्या जमिनी आहेत, पैसा आहे आणि 1980 च्या दशकातलं एक कडाक्याचं भांडण आहे. मराठीत ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी इथलं थोडं. वेदोक्त प्रकरण, म्हणजे शाहू महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी दिलेला नकार, कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायची गरज नाही. त्यातून पुढे जे उभं राहिलं, म्हणजे 1911 मध्ये इथं सुरू झालेला सत्यशोधक समाज, बहुजन मुलांना पौरोहित्य शिकवणारी शाळा, 1920 मधलं क्षात्रजगद्गुरूपद, त्या सगळ्याचा रोख मधल्या माणसावर होता. देव आणि भक्त यांच्यात दलाल नको, एवढंच म्हणणारे पुष्कळ लोक देवळात जातच राहिले. त्यामुळे आजोबा सत्यशोधक, आजी दर शुक्रवारी अंबाबाईला जाणारी आणि नातू काहीच न मानणारा, असं एकाच घरात सहज सापडतं. 2015 च्या फेब्रुवारीत शहरातल्या एका ज्येष्ठ विवेकवादी नेत्यावर सकाळी फिरून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर 'मी मानत नाही' हे वाक्य इथं पूर्वीइतकं सहज राहिलं नाही. ते उच्चारणारा लगेच कोणत्या तरी बाजूचा ठरतो. पुढच्याच वर्षी अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ द्यायचं की नाही यावरून जो गोंधळ झाला तोही आठवा. देवळाच्या दारात माणूस कोण आहे हे तपासलं जातं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. जपानला जाणारा कोल्हापूरकर ही सवय बरोबर घेऊन जातो आणि तिथं ती कामाला येत नाही.

जपान आणि भारत यांच्यातल्या जुन्या धाग्यांबद्दल टूरवर भरपूर ऐकवलं जातं, म्हणून ते थोडक्यात. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्खू 736 मध्ये जपानला पोहोचला आणि नारा इथल्या तोदाइजी देवळातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी 752 मध्ये त्याच्या हातून झाला. क्योटोच्या सांजुसांगेन्दो देवळात करुणेच्या बोधिसत्त्वाच्या 1001 मूर्ती उभ्या आहेत आणि त्यांच्या पुढ्यात रक्षक म्हणून आपल्या ओळखीचे देव वेगळ्या वेषात भेटतात. सरस्वती जपानमध्ये बेन्झाइतेन होते, लक्ष्मी किचिजोतेन होते. अंबाबाईच्या गावच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. पण केवळ हे नातं ऐकून नास्तिक माणूस विमानात बसत नाही.

आजचं चित्र घडायला सुरुवात झाली ती 1868 पासून. तोवर बुद्धाचं देऊळ आणि शिंतो या जपानच्या मूळच्या परंपरेचं देवस्थान एकाच आवारात, बऱ्याचदा एकाच पुजाऱ्याच्या हाताखाली असायचं. सम्राट मेइजीच्या नव्या सरकारनं दोन्ही वेगळी करण्याचे हुकूम काढले. ठिकठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या, देवळांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. पुढची काही दशकं सरकारचं म्हणणं असं की शिंतो विधी हा धर्मच नाही, ते नागरिकाचं कर्तव्य आहे. म्हणजे श्रद्धा असो वा नसो, वाकायचंच. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर विजेत्या दोस्त राष्ट्रांच्या 15 डिसेंबर 1945 च्या आदेशानं शिंतोचा सरकारी आधार काढून घेतला गेला. मे 1947 पासून लागू झालेल्या राज्यघटनेनं कलम 20 मध्ये धर्मस्वातंत्र्य दिलं आणि कलम 89 मध्ये धर्मसंस्थांसाठी सरकारी पैसा वापरायला मनाई केली. कूळकायद्यासारख्या शेतजमीन सुधारणेत देवळांकडची उरलीसुरली कुळांची जमीनही गेली.

जमीन गेली, सरकारी मदत बंद, आणि सांभाळायची होती ती शेकडो वर्षांची लाकडी बांधकामं. त्यात 26 जानेवारी 1949 ला नाराजवळच्या होऱ्युजी देवळाच्या मुख्य सभागृहातली भित्तिचित्रं आगीत जळाली. सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा 1950 मध्ये झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये किंकाकुजी, म्हणजे सोन्याचा मुलामा असलेलं ते प्रसिद्ध देऊळ, एका तरुण भिक्खूनं पेटवून दिलं. आज आपण जे बघतो ते 1955 मध्ये पुन्हा बांधलेलं आहे. या काळात देवळांना टिकून राहायला एकच मार्ग दिसला: बघायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे. शिंतो देवस्थानं बहुतेक फुकटच राहिली. हजारो लाल कमानींचं फुशिमी इनारी आजही विनातिकीट आहे. बऱ्याच प्रसिद्ध बौद्ध देवळांच्या दारात मात्र तिकिटाची खिडकी आली.

खिडकी आली म्हणजे हिशेब आला, आणि हिशेब आला की महापालिका येते. क्योटो शहरानं 1956 मध्ये देवळं बघायला येणाऱ्यांवर पहिला कर लावला. कारण सांगितलं संस्कृतीचं, आणि त्या पैशातून शहरानं एक मोठं सभागृह बांधलं. मुदत संपल्यावर 1964 मध्ये नाव बदलून तोच कर पुन्हा आला. देवळं चिडली. तेव्हाच्या महापौरांनी लेखी दिलं की यापुढे कोणत्याही नावाखाली असा कर आणणार नाही. हा कागद लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्याभोवती फिरतं.

1982 मध्ये नव्या महापौरांनी तोच विचार पुन्हा मांडला. नाव होतं प्राचीन राजधानी संवर्धन सहकार्य कर. मोठ्यांना 50 येन, मुलांना 30. वसुली देवळांनी आपल्या खिडकीवर करायची आणि महापालिकेला भरायची. 1983 च्या जानेवारीत महापालिकेच्या सभागृहानं ठराव केला. देवळांनी जुना कागद काढून दाखवला. शहराचं म्हणणं, ते वचन त्या महापौरांचं होतं, शहराला ते कायमचं बांधत नाही. हे म्हणणं मला आजही पटत नाही. खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणून दिलेला शब्द विरत असेल, तर तो लिहून घेण्याला काही अर्थच उरत नाही.

देवळं न्यायालयात गेली. त्यांचा मुद्दा सरळ होता: देवळात पाऊल टाकणं ही धार्मिक गोष्ट आहे. येणारा हात जोडो वा न जोडो, बागेकडे बघत बसणं हेही इथं साधनेचाच भाग आहे. त्यावर कर लावणं म्हणजे श्रद्धेवर कर. महापालिकेचा मुद्दाही तितकाच सरळ: तुम्ही पैसे घेऊन दाखवता, लोक कॅमेरे घेऊन येतात, हे पर्यटन आहे. नारामध्ये अशाच कराविरुद्ध तिथलं देऊळ 1968 मध्ये हरलं होतं. क्योटोच्या जिल्हा न्यायालयानं 30 मार्च 1984 ला त्याच वाटेनं निकाल दिला. न्यायालयाचा युक्तिवाद असा की कर लावला आहे तो पैसे देऊन सांस्कृतिक ठेवा बघण्याच्या बाह्य कृतीवर. बघणाऱ्याच्या मनात काय आहे त्याच्याशी कराचा संबंध नाही, आणि 50 येन ही रक्कम कोणाला दर्शनापासून रोखेल इतकी मोठीही नाही.

इथं थांबून विचार करण्यासारखं आहे. वरवर बघता नास्तिकानं महापालिकेची बाजू घ्यायला हवी. देवळांना करमाफी कशाला, असं आपण इथंही म्हणतोच. मीही आधी तसंच वाचत गेलो. पण खोलात गेल्यावर मला देवळांची बाजू मोलाची वाटते, आणि तीही श्रद्धेमुळे नव्हे. देवळं म्हणत होती की दारातून आत येणाऱ्याची भाविक आणि पर्यटक अशी विभागणी करायचीच नाही. आम्ही करणार नाही आणि शहरालाही करू देणार नाही. न मानणाऱ्या माणसाला इतकी मोकळी जागा दुसऱ्या कोणत्या भूमिकेनं दिली असती? शहराच्या भूमिकेत मात्र एक अडचण दडलेली होती. एकदा सगळ्यांना पर्यटक ठरवलं की जो खरोखर प्रार्थनेला आलाय त्यानं ते सिद्ध करायची पाळी कधी ना कधी येणारच.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. तामिळनाडूतल्या पळणीच्या मुरुगन देवळाबद्दल मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं जानेवारी 2024 मध्ये सांगितलं की देऊळ हे सहलीचं ठिकाण नाही. हिंदू नसलेल्याला ध्वजस्तंभाच्या पुढे जायचं असेल तर देवावर श्रद्धा असल्याचं हमीपत्र त्याच्याकडून घ्यावं. म्हणजे श्रद्धा लिहून द्यायची, सहीनिशी. क्योटोच्या देवळांनी नेमकं हेच आपल्या दारात होऊ दिलं नाही, आणि तेही सहलीला येणाऱ्यांच्या लोंढ्यातून पैसा मिळवत असताना. म्हणून मी त्यांना संत ठरवत नाही. हिशेबाची वही महापालिकेच्या हातात जाऊ नये ही काळजीही त्यांना होतीच, आणि ती त्यांनी फार लपवलीही नाही.

केंद्रीय गृहखात्यानं 1985 च्या एप्रिलमध्ये कराला मान्यता दिली आणि 10 जुलै 1985 ला वसुली सुरू झाली. त्याच महिन्यात दहा-बारा प्रमुख देवळांनी दारं लावून घेतली. कियोमिझु, किंकाकुजी, गिंकाकुजी, ज्यांच्यासाठी लोक देशभरातून आणि परदेशातून येत, तीच बंद. हे समजायला कोल्हापूरकराला कल्पना लढवावी लागणार नाही. मार्च 2020 मध्ये अंबाबाईचं देऊळ बंद झालं ते त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडलं, आणि तेवढ्या महिन्यांत महाद्वार रोडवरच्या ओटी-साडीच्या दुकानांचं, लॉजचं, रिक्षावाल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. क्योटोत साथ नव्हती, भांडण होतं. पण देवळाखालच्या उतारावरची मातीच्या भांड्यांची दुकानं, खानावळी, उतारूंची घरं आणि टॅक्सीवाले तसेच बसून राहिले.

ऑगस्टमध्ये महापौरांची निवडणूक होती. तिच्या तोंडावर अचानक तडजोड जाहीर झाली आणि दारं उघडली. महापौर पुन्हा निवडून आले. तडजोडीत नेमकं काय ठरलं ते लोकांसमोर नीट मांडलंच गेलं नाही. मध्यस्थ एक व्यावसायिक, बैठका बंद दाराआड. काही महिन्यांत दोन्ही बाजू एकमेकांवर शब्द फिरवल्याचा आरोप करू लागल्या आणि डिसेंबरमध्ये देवळं पुन्हा बंद झाली. हा बंद 1986 च्या वसंतापर्यंत चालला. इथं मात्र देवळांना दोष द्यावाच लागतो. श्रद्धेचं तत्त्व म्हणून उभा केलेला लढा त्यांनी खाजगी सौद्यावर सोपवला, आणि ज्यांच्या नावानं तो लढला जात होता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. दुकानदारांचा राग त्यामुळे शहराइतकाच देवळांवरही निघाला. अखेर मार्च 1988 अखेर कर रद्द झाला. न्यायालयात शहर जिंकलं आणि रस्त्यावर हरलं. देऊळ बघणं ही श्रद्धा की सहल, याचं उत्तर अधिकृतपणे अनिर्णितच राहिलं.

ते अनिर्णित राहिलं हेच आजच्या प्रवाशाच्या पथ्यावर पडलं आहे. किंकाकुजीला तुम्ही 500 येन देता आणि हातात जे येतं ते तिकिटासारखं दिसत नाही. पांढऱ्या कागदाची लांब उभी पट्टी, काळ्या शाईत मोठी अक्षरं, मध्ये लाल शिक्का. घरात लावायचा मंगलतोडगा असतो तशी. तिच्यावर घरच्यांच्या सुखाची, दैव उघडण्याची प्रार्थना लिहिलेली असते. पावती आहे की प्रसाद, हे ज्यानं त्यानं ठरवावं. कोल्हापुरात अशी पट्टी एका घरात पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली दिसते आणि दुसऱ्या घरात दाराच्या वर चिकटवलेली.

सगळ्या देवळांनी हाच मार्ग धरला असं मात्र नाही. शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या साइहोजीनं 1977 मध्येच गर्दीला कंटाळून खुला प्रवेश बंद केला. तिथं आधी अर्ज करावा लागतो, पैसेही इतर देवळांच्या कितीतरी पट, आणि बागेत जाण्याआधी बसून ब्रशनं सूत्राची अक्षरं गिरवावी लागतात. श्रद्धा आहे का असं तिथंही विचारत नाहीत. पण थोडा वेळ गप्प बसून काम करायला लावतात. बागेत घाई करणारा माणूस त्यानंतर उरत नाही, असं जाऊन आलेले सांगतात.

जपानी लोक स्वतः काय मानतात, हेही इथल्या चर्चेत नेहमी उलटसुलट सांगितलं जातं. सरकारी वार्षिक आकडेवारीत धर्मसंस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज काही वर्षांपूर्वी अठरा कोटींच्या घरात गेली होती, देशाची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आसपास असताना. कारण एकच कुटुंब बौद्ध देवळाच्या यादीत असतं आणि शिंतो देवस्थानाच्याही. उलट सर्वेक्षणात विचारलं की साठ-सत्तर टक्के लोक आपली कोणत्याही धर्मावर श्रद्धा नाही असं सांगतात. तेच लोक नववर्षाला देवस्थानात रांग लावतात. तेव्हा 'जपान नास्तिक देश आहे' हे आपल्याकडच्या काही विवेकवाद्यांचं आवडतं विधान आणि 'जपान आध्यात्मिक देश आहे' हे टूरच्या जाहिरातीतलं विधान, दोन्ही सारखीच उथळ आहेत.

संघटित धर्माबद्दलचा तिथला संशय मात्र खरा आहे आणि त्याची कारणंही अलीकडची आहेत. 20 मार्च 1995 ला एका पंथानं टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. त्याच वर्षाअखेर धर्मसंस्थांवरचा कायदा कडक झाला. 2022 च्या जुलैत माजी पंतप्रधानांचा खून झाला तो आईनं दुसऱ्या एका पंथाला दिलेल्या देणग्यांनी घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाकडून. डिसेंबर 2022 मध्ये देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा आला आणि मार्च 2025 मध्ये टोकियोच्या न्यायालयानं तो पंथ विसर्जित करण्याचा आदेश दिला. 'तुमचा धर्म कोणता' हा प्रश्न तिथं पाहुण्याला सहसा विचारला जात नाही, त्याला हाही इतिहास आहे. आपल्या नास्तिक प्रवाशाला जी शांतता भावते तिच्यात थोडी भीतीही मिसळलेली आहे, हे त्यानं ओळखलेलं बरं.

दरम्यान गर्दी कुठल्या कुठे गेली. जपान सरकारनं 2003 मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी मोहीम सुरू केली तेव्हा वर्षाला 52 लाख लोक येत होते. 2013 मध्ये एक कोटी ओलांडले, 2024 मध्ये 3 कोटी 68 लाखांवर गेले. देवळात शिक्का आणि ब्रशनं लिहिलेलं पान मिळतं त्याला गोशुइन म्हणतात. पूर्वी ते सूत्र लिहून अर्पण केल्याची पोच म्हणून मिळायचं. आता काहीशे येन देऊन कोणालाही मिळतं, आणि ते गोळा करण्याच्या वह्या घेऊन परदेशी लोक रांगेत उभे असतात. काही देवळांनी आता लिहून तयार ठेवलेली सुटी पानं द्यायला सुरुवात केली आहे, कारण लिहिणाऱ्याचा हात पुरत नाही. क्योटोच्या गिओन भागात खाजगी गल्ल्यांत शिरायला 2024 पासून बंदी आहे. शिरलात तर 10,000 येन दंडाची पाटी लावलेली असते.

पैशाचा प्रश्न शहरापुढे पुन्हा उभा राहिला तेव्हा क्योटोनं देवळाच्या दाराकडे बघितलंच नाही. ऑक्टोबर 2018 पासून कर आला तो मुक्कामावर. हॉटेल, धर्मशाळा, भाड्यानं दिलेलं घर, सगळीकडे दर रात्री माणशी 200 ते 1,000 येन. मार्च 2026 पासून सर्वात महागड्या खोल्यांसाठी तो 10,000 येनपर्यंत गेला. शाळेच्या सहलीला सूट आहे. 1985 च्या अनुभवानं शहर शहाणं झालं असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण काही देवळांच्या आवारात मुक्कामाची सोय असते, पहाटेच्या प्रार्थनेला बसता यावं म्हणून लोक तिथं उतरतात. त्यांच्या बिलावरही हा कर वेगळ्या ओळीत छापलेला असतो, प्रार्थनेला बसलेल्याच्या आणि उशिरापर्यंत झोपलेल्याच्या, दोघांच्याही.